माळावरची हरणं आणि वाढता उन्हाळा

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अशा कोरड्या मुलखात काळविटांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. सकाळ-संध्याकाळ चरायचं, भर दुपारी सावली धरून रवंथ करायचं, ही त्यांची रीत. चाऱ्यातली ओलही शरीर जपून वापरतं. म्हणून लेंड्या कोरड्या पडतात. तरी प्यायला पाणी लागतंच.

चरण्याची वेळ एका उन्हाळ्यात बदलता येते. शरीराची घडण बदलायला मात्र असंख्य पिढ्या जाव्या लागतात. हवामान तेवढं थांबत नाही, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. पाणवठा आटला की हरणं गावाकडे वळतात, डांबरी रस्ते ओलांडतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात.