पिवळा दिवा लागला की आधी डिपस्टिक बघा

हिंगोलीहून नांदेडकडे निघालेल्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, पिकअप कमी पडतो. गॅरेजमध्ये स्कॅनर ‘पी००११’ दाखवतो आणि लगेच कानावर येतं, ‘सेन्सर गेला, बदलावा लागेल.’ व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या बाबतीत खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारा गैरसमज हाच आहे.

कोणता भाग गेला, हे तो कोड सांगत नाही. इनटेक कॅमशाफ्ट ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितलेल्या कोनापेक्षा पुढे राहतोय, एवढंच त्यातून कळतं. मागे राहिला तर पी००१२ येतो. बहुतेक गाड्यांत कॅम फिरवण्याचं काम इंजिन ऑइलचा दाब करतो. ईसीयूच्या इशाऱ्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह ऑइल सोडतो आणि कॅमच्या टोकावरचा फेजर काही अंश पुढेमागे सरकतो. म्हणजे ऑइल कमी असेल किंवा गाळाने काळं-घट्ट झालं असेल, तर सगळे भाग धड असूनही कोन चुकतो.

‘इकडचा उन्हाळा कडक, गाडी जुनी, जाड ऑइल टाका,’ हा सल्लाही इथे घातकच ठरतो. ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० भरलं, तर थंड इंजिनात ते बारीक वाटांमधून उशिरा सरकतं. ऑइलची ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेतूनच ठरवावी.

तपासणीचा क्रम सोडू नये. गाडी सपाट जागी उभी करून ऑइलची पातळी आणि रंग पाहा. ऑइल खराब असेल तर फिल्टरसह बदला. मग सोलेनॉइडचा कनेक्टर आणि वायर बघा. धान्य साठवलेल्या घराशेजारी गाडी लागत असेल तर उंदरांनी वायर कुरतडलेली सापडते. मल्टिमीटरने सोलेनॉइडचा रोध मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. अनेक गाड्यांत तो ७-८ ओहम असतो. व्हॉल्व्हची जाळी गाळाने तुंबली असेल तर साफ करा. शेवटी स्कॅनरवर मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी-शेजारी पाहा. कॅम पुढच्या कोनात अडकला तर आयडलिंगला इंजिन थरथरतं, कधी बंदही पडतं. मागे अडकला तर आयडलिंग ठीक राहतं, पण गाडी ओढत नाही.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं ही दुरुस्ती नव्हे; दोष तसाच राहतो आणि कोड परत येतो.

‘टायमिंग चेन आयुष्यभर चालते’ हेही खरं नाही. ऑइल वेळेवर न बदलल्यास चेन झिजून लांबते, टेन्शनर कमी पडतो. सकाळी सुरू करताना खडखड येत असेल आणि सोबत क्रँकशाफ्ट-कॅमशाफ्टचा मेळ चुकल्याचा पी००१६ कोड असेल, तर गाडी चालवत राहू नका. चेनने दात सोडले तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग हेड उघडावंच लागतं.

तेव्हा पार्ट मागवायला होकार देण्याआधी मिस्त्रींना दोन्ही कोन स्कॅनरवर दाखवायला सांगा.