साठ ग्रॅमचा अवयव

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून दर मिनिटाला निदान अर्धा लिटर रक्त खेळत असतं. बाळ जन्मतं, वार सुटते आणि तिला रक्त पुरवणाऱ्या शंभरेक रोहिण्यांची तोंडं एकाच वेळी उघडी पडतात. नुसत्या हिशोबानं पाहिलं तर दहा मिनिटांत बाळंतिणीचं सगळं रक्त वाहून जायला हवं. ते जात नाही, कारण गर्भाशयाच्या भिंतीतले स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात आणि रोहिण्या त्या विणीतूनच जातात. वार पडली की वीण आवळते आणि प्रत्येक रोहिणी जागच्या जागी चिमटली जाते. टाका नाही, चिमटा नाही.

एरवी हा अवयव लहानशा पेरूएवढा, वजन साधारण साठ ग्रॅम. नऊ महिन्यांत तो किलोभर होतो आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत जवळपास पूर्वीच्या मापावर येतो. त्याचं आतलं अस्तर दर महिन्याला गळतं आणि मागे वण न ठेवता पुन्हा उगवतं. गुडघा एकदा फुटला तर खूण जन्मभर राहते. इथे तीस-पस्तीस वर्षं जखम होते आणि भरते, खूण मात्र नाही.

आता बीड जिल्ह्यात या. आष्टी तालुक्यातल्या कड्याला २०२२ मध्ये रेल्वे आली, पण दसरा झाला की इथल्या भागातला कोयता अजून ट्रक-ट्रॅक्टरमधूनच साखर कारखान्यांकडे निघतो. कोयता म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे पाळीच्या दुखण्यानं एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी जेमतेम, कोपीत आडोसा नाही. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांत एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. याच्या चौकशीसाठी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. खाजगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं ठरलं.

सगळे डॉक्टर लुटारू, असं म्हणून हा विषय संपत नाही. मोठ्या गाठी असतील, कशानंच न थांबणारा रक्तस्राव असेल, कॅन्सर असेल तर पिशवी काढावीच लागते. पण अंगावरून पांढरं जाणं हा अनेकदा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. पाळीत रक्त जास्त जात असेल तर ट्रानेक्झामिक ॲसिड आहे, हार्मोनची तांबी आहे, अंगात रक्त कमी असेल तर लोह आहे. अडचण अशी की औषधाला महिने लागतात आणि बाईला दसऱ्याला निघायचं असतं. ती स्वतःच म्हणते, काढून टाका. त्यात कुणीतरी सांगितलेलं असतं की ठेवली तर कॅन्सर होईल.

या भीतीचं उत्तर शोधलं गेलं ते बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात! उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षांहून जास्त काळ जातो. तेवढ्या अवधीत विषाणूची एक तपासणी आणि गरज पडल्यास साधा उपचार, एवढ्यानं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचले. बीडच्या बायकांपर्यंत मात्र भीती आधी पोहोचली.

पिशवी गेली, पाळी गेली, आता काय राहिलं असं वाटतं. पण अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळतं: एक महारोहिणीतून थेट आणि दुसरी गर्भाशयाच्या रोहिणीची फांदी. शस्त्रक्रियेत ही दुसरी वाट कापली जाते. म्हणून अंडाशय जागेवर ठेवले तरी त्यांचं काम अपेक्षेपेक्षा दोन-चार वर्षं आधी मंदावतं, असं काही अभ्यासांत दिसलं. तेही काढले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते. तिशीतल्या बाईला अंगाची आग होते, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मग पाच वर्षांनी ती कंबरदुखी घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आणि तो वेदनाशामक लिहून देतो, कारण अंडाशय आहेत की नाहीत हे तिला माहीत नसतं.

म्हणून घरात कुणाची पिशवी काढलेली असेल तर दवाखान्यातून सुटताना मिळालेलं कार्ड शोधून काढा आणि अंडाशय ठेवले की काढले, ते त्यावर बघा. कार्ड नसेल तर सोनोग्राफीत विचारून घ्या. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढलेले असतील तर हाडं, रक्तदाब आणि हार्मोनच्या उपचाराविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. आणि शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर हा प्रश्न आधीच विचारा.