आधी खिडकी, मग एसी

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात एक गोष्ट रोज दिसायची. वाचन सुरू होऊन पाऊण तास झाला की माणसे पेंगू लागत. कुणाचे डोके जड, कुणाला खोकल्याची उबळ. दिवसभर कामावरून दमून आलेली माणसे, असे आम्ही मनाशी म्हणायचो. एका संध्याकाळी पाऊस थांबला म्हणून मागे बसलेल्या मावशींनी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. थोड्याच वेळात सगळे सावरून बसले. थकवा होताच, पण कोंडलेली हवाही होती. साठ माणसे, बंद खिडक्या, मेणबत्त्या आणि अगरबत्त्या!

पुढच्याच बैठकीत विहारात एसी बसवण्यासाठी वर्गणी काढायचा विषय निघाला. त्यावरून आम्ही जे वाचले, तपासले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण हा प्रश्न जितका विहाराचा तितकाच आपल्या घराचाही आहे.

कोंडलेल्या हवेत काय असते?

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतो. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत तो बघता बघता हजाराच्या पुढे जातो. तेवढ्याने विषबाधा होत नाही, पण तो एक इशारा असतो. आपण एकमेकांनी सोडलेला श्वास पुन्हा घेत आहोत, असा त्याचा अर्थ. त्या श्वासात क्षयाचे, म्हणजे टीबीचे जंतू असतील, तर बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. हवा वाहती असेल तर ते विरळ होतात, आणि सूर्यप्रकाशात मरतात.

त्यात धुराची भर पडते. फोडणीचा धूर, गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू, अगरबत्ती, मच्छरची कॉइल. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेला एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळून संपेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे त्यात आढळले. आणि आपण ती लावतो कुठे? दारे-खिडक्या बंद करून, बाळाच्या उशाशी.

पंखा हवा फिरवतो, बदलत नाही

इथे बहुतेकांची गल्लत होते. छताचा पंखा आतलीच हवा घुसळतो. आपल्याकडचा नेहमीचा स्प्लिट एसीसुद्धा खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत सोडतो. हवा गार होते, ताजी होत नाही. उलट थंडावा जाऊ नये म्हणून आपण उरलीसुरली फटही बुजवतो.

खर्चाचा हिशेब पाहा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज खातो. 40 वॅटचा एक्झॉस्ट पंखा एका युनिटमध्ये 25 तास चालतो. छताचा जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. म्हणजे हवा स्वच्छ ठेवणे आणि वीज वाचवणे ही दोन्ही कामे एकाच वाटेने होतात.

खिडकीची गोष्ट जुनीच

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याचा प्रसंगच आहे. भिक्खूंच्या विहारांत उजेड नव्हता, डोळ्यांना त्रास होई, दुर्गंधी येई. तेव्हा भगवान बुद्धांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली : कठड्याची, जाळीची आणि गजांची. पालीत खिडकीला शब्द आहे 'वातपान'. त्यात 'वात' म्हणजे वारा आधी येतो. कार्ल्याच्या लेण्यात उभे राहून दर्शनी भागातली ती भव्य कमानदार खिडकी पाहिली, की उजेड आणि हवा यांचा विचार किती आधी झाला होता ते कळते.

आणि आजच्या इमारती?

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने अभ्यास केला. तो 2018 साली पुढे आला. इमारती एकमेकींना खेटून उभ्या, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. अशा ठिकाणी टीबीचे प्रमाण जास्त, आणि इमारतींत मोकळी जागा असलेल्या वसाहतीत ते कमी आढळले. झोपडी गेली, पक्के घर आले, पण श्वास कोंडला.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आणली. वीज वाचवणारे घर कसे असावे, याची ती संहिता. तिच्यात उघडणाऱ्या खिडक्यांचे माप दिले आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणारा भाग घराच्या चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के हवा, नागपूरसारख्या संमिश्र हवामानात 12.5 टक्के. म्हणजे मुंबईतल्या 300 चौरस फुटांच्या घराला खिडक्या, झरोके आणि बाल्कनीचे दार धरून 50 चौरस फूट. लक्षात ठेवा, सरकत्या काचांची खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते. पुनर्विकासाच्या बैठकीत आपण खोलीचे क्षेत्रफळ विचारतो. यापुढे खिडकीचेही विचारू या.

घरात आज काय करता येईल?

- समोरासमोरची दारे-खिडक्या एकाच वेळी उघडा. एकच उघडली तर वारा आत शिरून अडतो.
- खिडकीपुढचे कपाट, गाद्या, डबे हलवा. डासांची जाळी महिन्यातून एकदा धुवा. धूळ बसलेली जाळी वारा अडवते.
- स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट वरच्या बाजूला लावा. तो सुरू असताना दुसरीकडून हवा आत यायला वाट ठेवा.
- कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरा. वंदनेला अगरबत्त्यांचा जुडगा नको, खिडकीजवळ एक पुरे.
- बाहेर कचरा जळत असेल तेवढा वेळ खिडकी बंद ठेवा. धूर विरला की उघडा.
- एसी असेलच, तर अधूनमधून तो बंद करून दहा मिनिटे खिडक्या उघडा.

आमच्या विहारात वाचनाला येणाऱ्या एका कुटुंबात टीबीचे औषध चालू आहे. कुणी काही बोलू नये म्हणून ती मंडळी दाराबाहेर पायरीवर बसायची. आपल्या समाजाला बाहेर बसवले जाणे नवे नाही. ते आपणच आपल्या माणसाला करायचे का? टीबीवरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते नियमित घेतले की संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, खोकला असेपर्यंत तोंडाला मास्क लावावा. बाकीचे काम खिडकीचे.

एसीची वर्गणी आम्ही सध्या थांबवली आहे. त्याऐवजी दोन एक्झॉस्ट पंखे आणि पाऊस आत न येता उघड्या राहतील अशा वरून बिजागरी असलेल्या खिडक्या, एवढे ठरले आहे. खर्च थोडका आहे. आणि ते कुटुंब आता आत, खिडकीशी बसते.