घाटात दम तोडणारी पिकअप

कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, मंडपाचे बांबू, वरातीचा डीजे. जुनी डिझेल पिकअप कशालाच नाही म्हणत नाही. मग एक दिवस तिसऱ्या गिअरवर सहज चढणारी चढण ती दुसऱ्यावर रडतखडत चढते आणि कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘इंजिन बसलं!’ हेड खोलायची घाई नको. ओढ जाण्याची बरीचशी कारणं इंजिनाच्या बाहेरच असतात, आणि त्यांतली काही फुकटात सापडतात.

दुखणं घाटातच का उघडं पडतं? ढोबळ हिशेब करू. मालासकट तीन टनांच्या पिकअपला सपाट रस्त्यावर ताशी ६० किमीने पळायला साधारण १६ अश्वशक्ती पुरते. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणाऱ्या चढावर तोच वेग ठेवायचा, तर लागते ५०च्या आसपास! म्हणजे निम्मी ताकद गमावलेली गाडीसुद्धा गावातल्या गावात ठणठणीत वाटू शकते.

पहिली तपासणी अगदी बिनखर्चाची. एकाने पॅडल तळाशी दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून डिझेल पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघायचं. केबल ताणली गेली असेल किंवा पॅडलखाली जाड मॅट अडकली असेल, तर पाय पूर्ण दाबूनही पंपाला अर्धाच हुकूम पोचतो. इंजिन बंद ठेवूनच हे बघावं.

आता हवा. एक लिटर डिझेल नीट जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. बोलेरो घराण्यातलं २,५२३ सीसीचं इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं, तेव्हा टर्बो नसता तरी मिनिटाला अडीच हजार लिटर हवा ओढायला बघतं. एअर फिल्टर धुळीने भरला किंवा उंदराने त्याच्या डब्यात चिंध्यांचं घर केलं, की हवा कमी आणि डिझेल तेवढंच. मग येतो काळा धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा पाणी आत शिरतंय.

टर्बो तर वेगळंच प्रकरण आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं: वाया जाणाऱ्या धुराच्याच जोरावर चक्र फिरवायचं आणि इंजिनात जादा हवा कोंबायची. छोट्या टर्बोचं हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. एवढी करामत वाया घालवायला रबरी होजला गेलेली एक चीर पुरते. चढावर फुसफुस, काळा धूर आणि ओढ गायब असं झालं, तर टर्बोवर खर्च करण्याआधी होज आणि त्याच्या क्लिपा हाताने चाचपाव्यात, अर्थात इंजिन थंड असताना.

डिझेलच्या वाटेवरचा चोर जास्त बेमालूम असतो. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं, की टाकीत निर्वात तयार होतो. गाडी काही किलोमीटर झकास जाते, मग गुदमरते, आणि थोडं थांबलं की पुन्हा चालते. अशा वेळी झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं तर चोर सापडला! टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीला बारीक चीर असेल, तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही. तिथे ओढ असते, त्यामुळे उलट हवाच आत शिरते. जमिनीवर थेंब नाही, तरी गाडी ‘एअर घेते’. आणि डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे आठवत नसेल तर तो आधी बदलावा.

कधी इंजिन बिचारं पूर्ण जोर लावत असतं, चाकापर्यंत तो पोचतच नाही. सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढून, पुढे-मागे कुणी नाही हे बघून, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. घुमतच राहिलं, तर क्लच प्लेट घासलीय. लगेच थांबा, जास्त वेळ ताणलं तर ती जळेल. आणि फेरी मारून आल्यावर चारांपैकी एकाच चाकाजवळ भगभगीत गरम लागलं, तर तिथला ब्रेक सुटत नाही.

टर्बो नसलेली गाडी महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर नेली, तर विरळ हवेमुळे दहा टक्क्यांहून जास्त ताकद जाते. तो आजार नव्हे!

मग इंजिन खरंच बसलंय का? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अठरा ते बावीस पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. म्हणून भल्या पहाटे थंडगार इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होत असेल, तर कॉम्प्रेशन बहुधा शाबूत आहे. चालू इंजिनाच्या ऑइलच्या झाकणातून मात्र भकाभका धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर तपासायची वेळ आली.

जुन्या पंपाच्या गाडीवर मेस्त्री एकेका नोझलचा पाइप ढिला करतात. ज्याने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आळशी. कॉमन रेल गाडीवर हे कदापि करू नका: तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, आणि त्या धारेने डिझेल कातडीच्या आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने हॉस्पिटल गाठावं लागतं.