उचल कमी, म्हणून खप कमी : अमेरिकेतील पुस्तकधंद्याचा हिशेब

धंद्यात कोणी तोंडावर भेदभाव केला तर माणूस सावध होतो. पण कोणी काही बोलत नाही, हिशेबही चोख दिसतो आणि तरी एकाच समाजाचा माल वर्षानुवर्षे मागे पडतो, तेव्हा दोष धंद्याच्या रीतीत शोधावा लागतो. अमेरिकेतील पुस्तक प्रकाशनाचा धंदा याचे ठळक उदाहरण आहे.

तेथे पुस्तक छापण्याआधी लेखकाला उचल मिळते. पुढे प्रत्येक प्रतीमागच्या रॉयल्टीतून ती वळती होते. पुस्तक खपले नाही तरी ती सहसा परत मागत नाहीत. साहजिकच मोठी रक्कम गुंतली की प्रकाशक प्रती जास्त छापतो, जाहिरात करतो, दुकानात पुस्तक पुढे मांडायला लावतो. लहान उचलीचे पुस्तक कोपऱ्यात राहते.

ही रक्कम ठरते कशी? तशाच प्रकारची आधीची पुस्तके किती खपली, याचा दाखला पाहून. खरी मेख येथे आहे. कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके पूर्वी थोडीच निघाली, म्हणून दाखले थोडे. दाखले थोडे म्हणून उचल कमी, उचल कमी म्हणून जाहिरात नाही. मग खप बेताचा झाला की तोच पुढच्या लेखकाविरुद्ध पुरावा ठरतो.

२०२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक पाहणी छापली. मोठ्या प्रकाशकांनी १९५० ते २०१८ या काळात काढलेली, लेखकाचा वंश समजू शकला अशी सात हजारांवर कथा-कादंबऱ्यांची पुस्तके तपासली, तेव्हा ९५ टक्के गोऱ्या लेखकांची निघाली. निवड करणारेही बहुतेक गोरेच. 'ली अँड लो' या प्रकाशनसंस्थेच्या २०१९ च्या पाहणीत संपादन विभागातील ८५ टक्के लोक गोरे आढळले. न्यूयॉर्कसारख्या महाग शहरात सुरुवातीच्या तुटपुंज्या पगारावर ज्याला घरचा आधार आहे तोच टिकतो.

खुर्चीवरचा माणूस बदलला की काय होते, हेही दिसले आहे. टोनी मॉरिसन 'रँडम हाऊस'मध्ये संपादक असताना त्यांनी अनेक कृष्णवर्णीयांची पुस्तके काढली. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांचे १९७५ चे आत्मचरित्र त्यांनीच संपादित केले. १९८३ मध्ये त्यांनी नोकरी सोडल्यावर तेथे अशा पुस्तकांची संख्या घसरली.

जून २०२० मध्ये लेखिका एल. एल. मॅकिनी यांच्या पुढाकाराने लेखकांनी आपापल्या उचलीचे आकडे जाहीर केले. जेस्मिन वॉर्ड यांनी सांगितले की, २०११ चा 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळाल्यानंतरही त्यांचा प्रकाशक पुढच्या पुस्तकासाठी एक लाख डॉलर द्यायला तयार नव्हता. शेवटी प्रकाशक बदलावा लागला.

आपल्या कारागीर आणि व्यापारी बांधवांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे. शेजाऱ्याला काय भाव मिळतो हे ठाऊक नसेल, तर मिळेल तोच भाव वाजवी वाटतो. आणि "तुमच्या मालाला उठाव नाही" असे कोणी म्हणाले, तर तो माल दुकानात कधी पुढे मांडला होता का, हे आधी विचारावे.