वडवानल आणि महालाट

पाणी आणि अग्नी यांचे वैर आपण लहानपणापासून गृहीत धरीत आलो आहोत. निखाऱ्यावर पाण्याचा हबका मारला की तो चुर्रकन विझतो, हा घरोघरचा अनुभव आहे. असे असूनही आपल्या प्राचीन कथाकारांनी सागराच्या पोटात धगधगणाऱ्या वडवानलाची कल्पना केली. महाभारताच्या आदिपर्वात और्व ऋषींची कथा आहे. त्यांच्या क्रोधाचा अग्नी सारे जग जाळून टाकील, या भीतीने पितरांनी त्यांना तो समुद्रात सोडावयास सांगितले. तेथे तो घोड्याच्या मुखाचे रूप घेऊन पाणी प्राशन करीत राहिला, असे ती कथा सांगते. कथेला आपण विज्ञान म्हणणार नाही. परंतु सागराच्या तळाशी अग्नी आहे, ही गोष्ट मात्र खरी आहे. किंबहुना पृथ्वीवरील बहुसंख्य ज्वालामुखी पाण्याखालीच आहेत.

समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून दूर आणि त्याच्या पातळीपासून पाचशे मीटरांहून उंच अशा हैदराबादेत राहणाऱ्या आपणांस या सागराग्नीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शहरातच आहे. येथील प्रगतीनगर भागात भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’ ही संस्था आहे. त्सुनामी येण्याचा संभव असेल तर त्याची सूचना साऱ्या देशाला येथून दिली जाते. ज्या शहरात लाटेचा आवाजही पोहोचत नाही, ते शहर रात्रंदिवस समुद्राच्या नाडीवर बोट ठेवून बसले आहे! या पहाऱ्याचे महत्त्व, आणि ज्वालामुखीपुढे त्याला पडणारी अडचण, ही दोन्ही समजण्यासाठी सागराच्या पोटात काय घडते ते प्रथम पाहू.

पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या खडकास शिलारस म्हणतात. तो प्रत्येक वेळी स्फोट करूनच बाहेर येतो, असे मात्र नाही. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे मूळ मराठवाड्यात आहे. तेथील काळा पाषाण, ज्यात वेरूळची लेणी कोरली गेली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत येऊन थंड झालेला शिलारसच होय. समुद्राच्या फार खोल तळाशीही शिलारस असाच मुकाट्याने बाहेर पडतो. दोन हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट असतो. एवढ्या दाबाखाली पाण्याची वाफ होऊन ती एकदम फुलू शकत नाही. शिलारस उशांच्या आकाराचे गोळे होऊन थिजतो आणि वर त्याचा पत्ताही लागत नाही.

धोका असतो तो उथळ पाण्यात. ज्वालामुखीचे मुख पृष्ठभागापासून काहीशे मीटरांच्या आत असले, की वरचा दाब कमी पडतो. तप्त शिलारस आणि पाणी यांची गाठ पडताच पाण्याची क्षणार्धात वाफ होते. सोड्याच्या बाटलीचे झाकण उडावे, त्याप्रमाणे शिलारसातील कोंडलेले वायूही उसळतात. या स्फोटाने पाणी बाजूला लोटले जाते. कधी पोकळ झालेले मुख खाली खचते व समुद्र त्यात धाव घेतो. कधी राख, दगड आणि तप्त वायू यांचे लोंढे उतारावरून समुद्रात शिरतात. तर कधी डोंगराची एक कूसच ढासळून पाण्यात कोसळते. कारण कोणतेही असो, परिणाम एकच : पाण्याचा प्रचंड साठा एकाएकी जागेवरून हलतो आणि महालाट जन्म घेते. या महालाटेस जपानी भाषेत ‘त्सुनामी’ म्हणतात. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट.

वाऱ्याने उठणारी लाट आणि ही लाट यांत महदंतर आहे. वाऱ्याची लाट समुद्राचा केवळ वरचा थर हलवते. त्सुनामीत तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सारे पाणी हलते. म्हणून तिचा वेग समुद्राच्या खोलीवर अवलंबून राहतो. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना तो स्वतः काढता येईल. गुरुत्वत्वरण (९.८) आणि मीटरांतील खोली यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले, की दर सेकंदाला लाट किती मीटर जाते ते कळते. खोली ४००० मीटर असेल तर हा वेग सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक होतो. खोली ४० मीटर उरली की तोच वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर होतो. खोल समुद्रात ही लाट बहुधा एक मीटरही उंच नसते आणि तिच्या दोन माथ्यांमध्ये शेकडो किलोमीटरांचे अंतर असू शकते; त्यामुळे तेथील नावाड्यास ती पायाखालून गेल्याचेही कळत नाही. किनाऱ्याजवळ मात्र पुढचे पाणी मंदावते, मागचे धावत येऊन त्यावर चढते आणि लाट उंच होत जाते.

या उत्पाताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्राकाटोआचे होय. जावा आणि सुमात्रा यांच्यामधील सुंदा सामुद्रधुनीतील हे बेट २७ ऑगस्ट १८८३ रोजी फुटले. त्याचा आवाज सुमारे ४८०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर दूरच्या तोफांसारखा ऐकू गेला. तीस मीटरांहून उंच चढलेल्या लाटांनी जवळपासची गावे धुऊन नेली. छत्तीस हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेची एक नोंद आपल्याकडेही उमटली. भारतीय सर्वेक्षण खात्याने बंदरांतून भरतीओहोटी मोजणारी यंत्रे बसविली होती. पोर्ट ब्लेअर, मद्रास, नागपट्टणम इतकेच नव्हे, तर दूर कराचीच्याही यंत्रांच्या कागदांवर क्राकाटोआच्या लाटा रेघांच्या रूपाने उतरल्या, आणि मेजर बेअर्ड यांनी त्यांचा अभ्यास करून अहवाल लिहिला. हिंदी महासागराच्या एका टोकाला झालेला आघात दुसऱ्या टोकाला पोहोचतो, याचा तो लेखी पुरावाच होता.

परंतु पुरावा असणे निराळे आणि सावध असणे निराळे. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. येथे कारण ज्वालामुखी नव्हता. भूकवचाचा एक भाग वर उचलला जाऊन त्याने पाणी उचलले होते. अंदमान-निकोबार बेटांना लाटांनी थोड्याच वेळात गाठले. परंतु तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या येण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्या वेळात किनारा रिकामा करता आला असता. वेळ होता; सांगणारे कोणी नव्हते. भारतात दहा हजारांहून अधिक आणि सर्व देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे गेली. त्या दुःखातूनच १५ ऑक्टोबर २००७ रोजी हैदराबादेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. पुढे २०११ पासून ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्या जोडीने ते हिंदी महासागराभोवतीच्या इतर देशांनाही सूचना देऊ लागले.

या केंद्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम भूकंपमापकांवरून भूकंपाचे स्थान, खोली व तीव्रता ठरवितात. नंतर, आधीच गणिते करून ठेवलेल्या असंख्य संभाव्य लाटांपैकी जुळणारी निवडून कोणत्या किनाऱ्यावर केव्हा व किती पाणी येईल ते काढतात. तिसरा टप्पा प्रत्यक्ष समुद्राची साक्ष घेण्याचा. खोल तळाशी ठेवलेली दाबमापके वरून जाणाऱ्या लाटेचा सूक्ष्म भारही ओळखतात. ती खबर ध्वनीच्या द्वारे पृष्ठभागावरील तरंडाकडे, तेथून उपग्रहाकडे आणि उपग्रहाकडून हैदराबादेस येते. ही साक्ष किती मोलाची आहे, ते ११ एप्रिल २०१२ रोजी दिसले. सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप होऊन सर्वत्र धावपळ उडाली. परंतु त्या वेळी भूकवच मुख्यतः आडवे सरकले होते, पाणी फारसे उचललेच गेले नव्हते. त्यामुळे मोठी लाट आली नाही.

ज्वालामुखीच्या बाबतीत अडचण येते ती पहिल्याच टप्प्यावर. भूकंप ही त्सुनामीची दवंडी होय. पण ज्वालामुखी पुष्कळदा दवंडी न पिटताच लाट पाठवितो. क्राकाटोआच्या जागी १९२७ नंतर समुद्रातून वर आलेल्या ‘अनाक क्राकाटाउ’, म्हणजे क्राकाटोआचे मूल, या ज्वालामुखीची एक बाजू २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री समुद्रात कोसळली. मोठा भूकंप झालाच नाही. म्हणून भोंगेही वाजले नाहीत. चारशेंहून अधिक माणसांचा बळी गेला.

याहून आश्चर्यकारक घटना १५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरातील टोंगा देशात घडली. ‘हुंगा टोंगा-हुंगा हापाई’ या बहुतांशी बुडालेल्या ज्वालामुखीचा स्फोट होऊन राखेचा स्तंभ पन्नास किलोमीटरांहून उंच गेला. हवेत उठलेली दाबाची लाट ताशी सुमारे १,१०० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती अनेक वेळा फिरली. आपल्या डोक्यावरूनही ती गेली. चालत्या गाड्याबरोबर धावणारा मनुष्य त्याला सतत रेटा देऊ शकतो, तद्वत खोल समुद्रावरून जाणारी ही हवेची लाट पाण्याला रेटा देत गेली. म्हणून दूरच्या काही किनाऱ्यांवर पाणी गणिताने ठरलेल्या वेळेच्या आधीच हलू लागले. दहा हजार किलोमीटरांवरील पेरू देशात दोन माणसे बुडाली. तेथे धोक्याची सूचना दिली गेली नव्हती.

आपल्या देशातही जागृत ज्वालामुखी आहे. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरांवर बॅरन बेट आहे. पाण्यावर दिसणारा त्याचा भाग साडेतीनशे मीटरांच्या आसपास उंच असला, तरी त्याचे मूळ दोन हजार मीटरांहून खोल आहे. दीर्घ निद्रेनंतर १९९१ मध्ये तो जागा झाला आणि त्यानंतरही त्याने अनेकदा राख व शिलारस ओकला आहे. यात घाबरण्याचे कारण नाही. पण विसरण्याचेही नाही. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई हे अंतर सुमारे १३६० किलोमीटर आहे. वर दिलेल्या रीतीने खोली ३००० मीटर धरून लाटेला किती वेळ लागेल, ते वाचकांनी काढून पाहावे. उत्तर दोन तासांच्या आसपास येईल. एवढीच आपली शिदोरी! जेथे भूकंपाची दवंडी नसेल, तेथे समुद्रातील दाबमापके आणि बंदरांतील यंत्रे यांवर अखंड नजर ठेवूनच हे दोन तास वाचविता येतात.

पश्चिम किनाराही सर्वस्वी निर्धास्त नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. सुटीत कोकणात, गोव्यात किंवा पूर्व किनाऱ्यावर जाणाऱ्या आपल्या मुलांनी म्हणूनच काही गोष्टी पाठ कराव्यात. किनाऱ्यावर जमीन जोराने किंवा बराच वेळ हादरली, समुद्रातून मोठा घोष ऐकू आला, अथवा पाणी एकाएकी दूर ओसरून तळ उघडा पडला, तर शिंपले वेचण्यास पुढे जाऊ नये; तत्काळ उंच जागी धाव घ्यावी व इतरांस हाका माराव्यात. पहिली लाट ओसरली म्हणून परतू नये, कारण दुसरी किंवा तिसरी तिच्याहून मोठी असू शकते. ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या दोन गावांनी हे शिक्षण घेतले, मार्ग आखले, सराव केला. २०२० मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगाने त्यांना ‘त्सुनामीस सज्ज’ म्हणून मान्यता दिली.

यंत्र हैदराबादेतून किनाऱ्यापर्यंत निरोप पोहोचवील. परंतु किनाऱ्यावरून टेकडीपर्यंत माणसाला त्याचे पायच नेणार आहेत, आणि त्या पायांना वेळीच हलविणारे ज्ञान शाळेतच मिळावयाचे असते. वडवानल शांत करणे मनुष्याच्या हाती नाही. त्याची हाक ओळखणे आणि ती शेजाऱ्यापर्यंत पोहोचविणे, एवढे मात्र निश्चित त्याच्या हाती आहे.