खाकी उतरवून इतिहास लिहिणाऱ्यांचा खरा सन्मान कोणता?

नाशिक : निवृत्त अधिकाऱ्याचा सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि एक ग्रुप फोटो. पण ज्या पोलीस अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर इतिहासाचा अभ्यास हाती घेतला, त्याचा सन्मान एवढ्यावर भागत नाही. त्याचं लिखाण वाचलं जावं, ही त्याची खरी अपेक्षा असते.

आपल्या महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण म्हणजे निवृत्त आयपीएस अधिकारी सुरेश खोपडे. भिवंडीत 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी दंगल पेटली, 1984 मध्ये पुन्हा पेटली. 1988 मध्ये खोपडे तिथे पोलीस उपायुक्त झाले. बंदोबस्त वाढवण्यावर न थांबता त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली आणि पोलिसांशी त्यांची ओळख झाली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत 900 माणसं गेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. असं का झालं, हे खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात मांडलं.

पोलिसाला इतिहास का जमतो? त्याचं कामच तसं असतं. पंचनामा करायचा, दोन्ही बाजूंचे जबाब घ्यायचे, वेळ आणि ठिकाण ताडून पाहायचं, ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून धरायची नाही. इतिहासकार कागदपत्रांवर हेच करतो. आपल्या दीनची शिकवणही हीच आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, कुणी फासिक खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करण्याचा हुकूम आहे.

अर्थात, पोलिसाने लिहिलं म्हणून सगळं डोळे झाकून मान्य करावं असंही नाही. एस. एम. एडवर्ड्स हे 1909 ते 1916 या काळात मुंबईचे पोलीस कमिशनर होते. नंतर त्यांनी 1923 मध्ये मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिला, पुढे बाबरवरही पुस्तक लिहिलं. माहिती मोलाची, पण नजर इंग्रज सरकारची. म्हणून पोलिसांच्या नोंदीशेजारी आयोगाचा अहवाल, त्या वेळची वर्तमानपत्रं आणि मोहल्ल्यातल्या बुजुर्गांच्या आठवणी ठेवून वाचाव्या लागतात.

हा विषय आपल्या जिल्ह्याच्याही जवळचा आहे. मालेगाव हे भिवंडीसारखंच यंत्रमागाचं गाव. तिथली 2001 ची दंगल, 2006 आणि 2008 चे बॉम्बस्फोट आपल्या मुलांना कळतात ते बहुतेक व्हॉट्सअॅपवरून. ज्या समाजाचा इतिहास कागदावर नसतो, त्याचा इतिहास अफवा लिहितात.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. अशा अभ्यासकाला बोलवाल तेव्हा त्याच्या पुस्तकाच्या दहा प्रती घ्या. मदरसा, शाळा, मोहल्ल्याच्या वाचनालयात ठेवा. हार घालून झाल्यावर मुलांना प्रश्न विचारू द्या.

आणि घरातूनही सुरुवात करा. मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जुन्या पेट्यांतल्या फारसी, उर्दू, मोडी कागदांचं काय? सनदा, वक्फचे कागद, निकाहनामे रद्दीत देऊ नका. लॅमिनेशन करू नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. दादी-नानींचं बोलणं आजच रेकॉर्ड करा. बुजुर्ग गेल्यावर त्यांच्याबरोबर अर्धा मोहल्ला जातो.

उद्या एखादा निवृत्त अधिकारी किंवा आपल्यातलीच एखादी मुलगी नाशिकच्या मुस्लिमांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा पुराव्याचा कागद तिला आपल्याच घरातून मिळाला पाहिजे.